मागच्या दाराचा गंज

तळाचा थर

खऱ्या गाडीवर गंज सगळ्यांत शेवटी चढतो. इवल्या गाडीवर तो सगळ्यांत आधी लावावा लागतो. आधी तपकिरी रंग, त्यावर केसांना मारतात तो स्प्रे, आणि त्यावर हिरवा. हिरवा जरा वाळला की ओल्या ब्रशने घासायचं. मधला स्प्रे विरघळतो, हिरव्याचे टवके उडतात, आणि खालचा गंज असा वर येतो की बघणाऱ्याला वाटावं, वर्षानुवर्षं तिथेच होता. एकच अट: हे सगळं दिवसभराच्या आत करायचं. नंतर हिरवा पक्का धरतो, मग कितीही घासा.

हे ज्याला जमायचं त्याला सगळे चिमटा म्हणत, कारण हातात कायम चिमटा. दिवसा तो गॅरेजात गाड्या रंगवायचा आणि पत्रा बघून गंजाचं वय सांगायचा. "हा दोन पावसाळ्यांचा. हा गेल्या महिन्यातला. आणि हा, शेठ, तुम्ही गाडी घेतलीत त्याच्याही आधीचा. तुम्हाला टोपी घातली." गिऱ्हाईक चिडायचं, पण चिमटा कधी चुकायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी घरी बसून तो लष्करी गाड्यांची मॉडेल्स करायचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची. त्या कामासाठी एक छोटा कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की घराच्या मधोमध घातलेल्या प्लायच्या भिंतीवर पलीकडून दोन ठोके पडायचे. चिमटा दहा मिनिटं बंद ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. भिंतीपलीकडे त्याचा सख्खा मोठा भाऊ राहायचा. इकडची शिंक तिकडे ऐकू जायची, पण दोघांचं बोलणं चौदा वर्षांत "पाणी गेलं का" याच्यापुढे सरकलं नव्हतं.

ठोके का पडतात, हे चिमट्याने कधी विचारलं नव्हतं.

काम

काम घेऊन आले ते साहेब. निवृत्त, ताठ, बुटांना अजून रोज पॉलिश. त्यांच्या तुकडीच्या आठवणीसाठी एक सभागृह उभं राहत होतं, आणि मधोमध काचेच्या पेटीत एक गाडी ठेवायची होती. रणगाडा नव्हे, रणगाड्याची धाकटी बहीण म्हणा: आत सैनिक बसवून नेणारी चिलखती गाडी.

"हुबेहूब हवी," साहेब म्हणाले. "हा फोटो. मोहिमेवर निघायच्या दिवशी सकाळी काढलेला."

चिमट्याने गाडीवरचा नंबर वाचला. तो नंबर त्याच्या घरात कुणी उच्चारत नसे. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दादा होता.

"होईल, साहेब," चिमटा म्हणाला.

वाळेपर्यंत

थर वाळेपर्यंत हाताला काम नसतं. मग डोकं नको तिकडे जातं.

त्या गाडीचा ड्रायव्हर दादा होता. गाडीच्या टपावर गोळा पडला, टप पेटलं, आत सहा जण. मागचं दार उघडायची कळ ड्रायव्हरच्या हाताशी असते. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की ड्रायव्हरने घाबरून कळ ओढलीच नाही, पुढच्या झाकणातून स्वतः तेवढा बाहेर पडला. सहा जण आत जळाले. ड्रायव्हरचे दोन्ही तळहात भाजले ते पळताना, असंही लिहिलं होतं.

पळताना तळहात कसे भाजतात, हे कुणी विचारलं नाही. चिमट्यानेही नाही. जो पत्र्यावरचा ओरखडा बघून गाडी कुठल्या खांबाला घासली ते सांगायचा, त्याने भावाचे हात चौदा वर्षं पाहिले आणि वाचले नाहीत.

दादाची नोकरी गेली. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. आता तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायचा, घरीही गठ्ठे आणायचा. तळहातांना चटका कळत नाही, या एकाच गुणावर त्याला ठेवलं होतं.

भिंग

फोटोत सहा तरुण दाराशी उभे, कडेला तेव्हाचे साहेब. सगळ्यांत उंच जो, तो टपाच्या कडेला हात टेकून वर चढायच्या बेतात. बघणारा प्रत्येक जण चेहरेच बघणार. चिमट्याचं काम चेहऱ्यांचं नव्हतं. त्याने भिंग दारावर धरलं.

जे दार रोज उघडतं त्याचं हँडल चकचकीत असतं, हाताने पॉलिश होतं. हे हँडल तांबूस होतं.

जे दार रोज उघडतं त्याच्या फटीतला चिखल तडकलेला असतो. इथे चिखल फटीवरून सलग गेला होता, सांधा लिंपल्यासारखा.

खालच्या बिजागरीपासून गंजाचा ओघळ पार तळापर्यंत. मध्ये काळपट, कडेला नारिंगी. चिमट्याने सवयीने वय सांगितलं, मोठ्याने, खोलीत कुणी नसताना: "आठ महिने. कमीत कमी."

मग त्याने भिंग खाली ठेवलं. फोटो उचलला आणि पलीकडे गेला.

भिंतीपलीकडे

"दादा."

दादा शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता. "काय, पाणी गेलं?"

"पाणी आहे. हा फोटो बघ."

"बघितलाय. मी तेव्हा तिथेच होतो."

"ते दार आधीपासून जाम होतं."

"हो."

"म्हणजे तू कळ ओढली होतीस."

"ओढली. मग मागे जाऊन हँडलही ओढलं. ते तापलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

दादा हसला, पण हसण्यासारखं काही त्यात नव्हतं. "आल्या दिवशीच सांगितलं. इथेच, या उंबऱ्यावर. तू म्हणालास, सहा जण आत आणि तू बाहेर, मला एवढंच कळतं. आठवड्याने मध्ये भिंत घालायला प्लाय घेऊन आलास."

चिमट्याला स्वतःचं ते वाक्य चांगलं आठवत होतं. त्याच्या आधी दादा काय बोलला होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

"बिजागरी गंजून धरलीये म्हणून गाडीच्या नोंदवहीत तीनदा लिहिलं मी," दादा म्हणाला. "वही गाडीतच होती, गेली. साहेबांनी गाडी ठणठणीत आहे म्हणून सही केली, ती मात्र राहिली. आम्ही सगळे टपावरून चढायचो. तो लांब्या, उंच दिसतोय ना, तो म्हणायचा, ही गाडी म्हणजे सासर आहे रे. आत नेतात वाजतगाजत, बाहेर पडायची सोय नाही."

त्याने शर्ट उलटा केला.

"हँडलला दोरी होती. निळी, नायलॉनची. रोज सकाळी चौघं मिळून ओढायचो. लांब्या आकडे मोजायचा. दार तसूभर हललं नाही कधी."

"फोटोत दोरी दिसत नाहीये."

"फोटोच्या दिवशी साहेबांनी काढायला लावली. गबाळं दिसतं म्हणाले."

"दुसऱ्या एखाद्या फोटोत असेल?"

दादाने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे बघितलं. चांगलं बघितलं.

"नसेल," तो म्हणाला. "जा. तुझा रंग वाळत असेल."

गंज

चिमट्याने असा गंज आयुष्यात केला नव्हता. तीन केसांचा ब्रश. काळपट, तपकिरी, कडेला नारिंगीची धार. फटीवर रंगाची पूड वॉर्निशमध्ये कालवून चिखल चढवला, सलग. हँडल तांबूस. हे दार काचेच्या पेटीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील, कुणीतरी जाणकार येईल, वाकून बघेल आणि विचारेल: उघडणार कसं हे? मग दादाचं नाव धुऊन निघेल. चिमट्याचंही, पण ते तो स्वतःशीसुद्धा बोलला नाही.

त्याने निळा धागा काढला, मापाने कापला. हँडलशी धरून पाहिला. मग फोटो पाहिला, आणि धागा डबीत परत टाकला.

पाहणी

"वा, वा! काय हात आहे!" साहेबांनी गाडी टेबलावर फिरवली. पुढून वा, डावीकडून वा. मागे आल्यावर थांबले. "हे काय?"

"गंज, साहेब."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"फोटोत आहे."

"फोटोत माझं पोटही सपाट आहे. फोटोचं काय घेऊन बसलात! उद्घाटनाला त्या सहा जणांच्या आया येणार आहेत. त्यांना हे दाखवू?" साहेबांचा आवाज खाली आला, खरोखर दुखल्यासारखा. "अहो, दार उत्तम होतं. माझी सही आहे. माणूस कच्चा निघाला. त्यात दाराचा काय दोष?"

चिमट्याच्या ओठांवर आलं, तो माझा भाऊ. तिथून ते दाढेखाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"बरं, साहेब. हिरवं करून देतो."

भिंतीवर दोन ठोके पडले. कॉम्प्रेसर बंद होता.

"कोण आहे पलीकडे?"

"शेजारी," चिमटा म्हणाला.

वरचा थर (मनातला)

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्याने गंजावर स्प्रे मारला आणि त्यावर हिरवा दिला. बाकी गाडीवर पक्कं वॉर्निश, दारावर नाही. दार नव्यासारखं दिसत होतं. दिवसभरात ओलं बोट लागलं की सत्य बाहेर.

तो हॉलमध्ये उभा राहील. अंगठा ओला करील. सगळ्यांदेखत दार पुसेल. गंज वर येईल. लोकांचा श्वास अडकेल. तो म्हणेल, आठ महिने जाम होतं हे दार, आणि ज्याने वहीत तीनदा लिहिलं तो माझा भाऊ. साहेब मान खाली घालतील. एखादी आई विचारील, कुठे असतो तो?

हा थर खरवडून काढावा लागला.

वरचा थर (झाला तसा)

सहा आया पहिल्या रांगेत. साहेबांनी भाषण केलं, चांगलं केलं. गाडी अजून पेटीबाहेर, टेबलावर. कलाकाराने दोन शब्द बोलावेत, म्हणाले.

चिमटा पुढे गेला. त्याने अंगठा जिभेवर ओला केला आणि दारावर घासला. हिरवा सुटला. बिजागरीखाली गंज उतरला, सुंदर, आठ महिन्यांचा.

"अरे अरे," मागून कुणीतरी म्हणालं, "रंग निघाला की!"

"ओला हात कशाला लावलात?" साहेब पुढे झाले, लोकांकडे वळून हसले. "चालायचंच. गाडी छान आहे हो. यांचा हात जरा कच्चा."

हशा पिकला. वाईट नव्हता कुणी, प्रेमळच हशा होता.

"रंग नाही गेला," चिमटा म्हणाला. आवाज जितका मोठा हवा होता तितका निघाला नाही. "हे दार आधीपासूनच जाम होतं. ड्रायव्हरने वहीत तीनदा लिहिलं होतं. तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे. सख्खा."

साहेबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"अच्छा," ते हलकेच म्हणाले. "तरीच."

एवढंच. चिमट्याने जन्मभर रंग विकत घेतले, पण त्या एका शब्दासारखा, एकाच थरात एवढं झाकणारा रंग त्याला कुठे मिळाला नव्हता.

एक म्हातारी उठली. काठी टेकत टेबलाशी आली. फोटोतल्या उंच मुलाची जिवणी तिच्या तोंडावर होती.

"भावासाठी करतोस बाबा, कळतं मला," ती म्हणाली. "पण माझ्या पोराच्या गाडीला घाण लावू नकोस."

तिने टेबलावरच्या पेल्यात रुमाल बुडवला आणि दार पुसायला लागली. पुसेल तसा हिरवा निघत गेला. हँडल तांबूस झालं. फटीवरचा चिखल दिसू लागला. ती आणखी जोरात पुसू लागली. चिमट्याने तिचा हात धरला नाही, थांबा म्हणाला नाही. शेवटी साहेबांनीच तिला खांद्याला धरून जागेवर नेलं.

गाडी पेटीत ठेवली. पेटी मधोमध ठेवायची होती, ती आता भिंतीला लावली. मागचं दार भिंतीकडे.

उरलेलं

घरी आल्यावर तो बूट न काढता टेबलाशी बसला.

"झालं?" भिंतीपलीकडून आवाज आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा आवाज आधी तिकडून आला होता.

"झालं."

"दाखवलास गंज?"

"दाखवला. सगळ्यांसमोर. नावही घेतलं. सख्खा भाऊ म्हणालो."

"मग?"

"हात कच्चा म्हणाले."

पलीकडे दादा खळखळून हसला. मोकळं हसला, लहानपणी हसायचा तसा. चिमटाही हसला. प्लाय काढून टाकावं, चार तर खिळे आहेत, असं त्याच्या मनात आलं. त्याने हातोडी कुठे आहे ते नजरेने शोधलंसुद्धा.

"आणि दोरी?" दादाने विचारलं.

डबी समोर उघडी होती. निळा धागा तळाशी पडला होता, मापाने कापलेला.

"नाही लावली," चिमटा म्हणाला.

"का रे?"

चिमट्याने तोंड उघडलं. कारण त्याच्याकडे एकच होतं: दोरी फोटोत नव्हती, नुसत्या दादाच्या शब्दात होती; आणि ते दादाला त्याच्याआधी माहीत होतं.

पलीकडून पुन्हा काही आलं नाही. खाट वाजली नाही, इस्त्री वाजली नाही. चिमटा उठला आणि त्याने कॉम्प्रेसर सुरू केला. रंगवायला काही नव्हतं. तो नुसता भिंतीला कान लावून त्या दोन ठोक्यांची वाट बघत उभा राहिला.

कॉम्प्रेसर धडधडत राहिला. भिंत वाजली नाही.