चुन्याची रेष

हरिहरने खटक्यावर अंगठा दाबून दुनळी बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून आभाळ पाहिलं आणि ती महिपतच्या हातात दिली. महिपतनेही नळ्या आभाळाकडे धरल्या आणि आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. हरिहरला पाहताना त्याने नुकतंच पाहिलं होतं, तरीही. या खाणीवर त्यात कुणाला अपमान वाटत नसे. बंदूक आपल्या हातात आली की आपण पाहायची; आधी कुणी पाहिली याला काही अर्थ नव्हता.

“तेल कधी दिलंत?” महिपतने विचारलं. तो सैन्यातून सुभेदार होऊन परत आला होता आणि बंदुकीबद्दल कमीत कमी शब्दांत बोलत असे.

“परवाच. आरसा आहे बघा, सुभेदार, आरसा.”

“त्यात स्वतःचं थोबाड बघू नका, हरिभाऊ,” काशीराम पलीकडून म्हणाला. “नळी वाकडी व्हायची.”

हरिहर हसला. महिपतने बंदूक उघडीच परत केली. हरिहरने ती घेतली आणि पुन्हा एकदा नळ्यांतून आभाळ पाहिलं.

चिरे काढून झाल्यावर मालकाने सोडून दिलेली ती खाण होती. सड्यावर, उघड्या कातळपठारावर, गावापासून दूर. तीन बाजूंना जांभ्या दगडाच्या उभ्या तासलेल्या भिंती, चौथी बाजू मोकळी. मोकळ्या बाजूला चुन्याची रेष मारली होती. समोरच्या भिंतीला चिऱ्यांचा एक कट्टा ठेवून त्यावर पत्र्याचे रिकामे डबे मांडत. एशियाडच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात नेमबाजीचा क्लब काढायचं आलं, आणि दर रविवारी सकाळी परवानेवाले चारपाच जण इथे जमू लागले. काशीरामचा मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना होता. हरिहरची हापूसची कलमं होती. कलमं म्हणजे वानर, आणि वानर म्हणजे बंदूक. सर्वांत वडील आप्पा शेवडे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात शिटी अडकवलेले. आप्पांची शिटी झाली की बंदुका भरायच्या, दुसरी झाली की बार काढायचा.

हरिहरची बायको कमला रेषेच्या बरीच मागे, काजूच्या झाडाखाली चिऱ्यांवर बसली होती. शेजारी चहाचा थर्मास. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. नवऱ्याबरोबर खाणीवर यायला तिने दिवाळीनंतर सुरुवात केली होती, आणि चहा मिळतो म्हणून बाकीचे खूश होते.

“वहिनी आल्यापासून आमचा नेम सुधारला,” काशीराम म्हणाला.

“तुमचा नेम चहावर असतो, काशीराम,” आप्पा म्हणाले. त्यांनी शिटी ओठांना लावली.

इथे एक नियम होता. रेषेवर असो की रेषेमागे, कुणालाही काही वावगं दिसलं, तर त्याने ‘थांबा’ म्हणायचं. शब्द कानावर पडला की सगळ्यांनी बोट चापावरून काढायचं, बंदूक उघडायची, काडतुसं काढायची आणि एक पाऊल मागे यायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, हे विचारायचं नाही. हा नियम हरिहरने सुचवला होता. का विचारायचं नाही, असं तेव्हा काशीरामने विचारलं होतं. हरिहर म्हणाला होता, “आज विचारलंत, तर पुढच्या खेपेला तो बोलायच्या आधी विचार करील. तेवढ्यात बार झालेला असेल.” हे उत्तर कमलाला आवडलं होतं. घरी येऊन त्याने ते तिला दोनदा सांगितलं होतं.

दिवाळीत एका सकाळी हरिहरच्या बशीतला चहा सांडू लागला. बशी हातात होती, डोळे उघडे होते. चहा सदऱ्यावरून मांडीवर ओघळत होता आणि त्याचे ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. कमलाने हाक मारली. त्याने ऐकलं नाही. मग तो आपोआप भानावर आला, सदऱ्याकडे पाहिलं आणि तिलाच म्हणाला, “केवढा गरम दिलास.” त्यानंतर असं बरेचदा झालं. देवाला फूल वाहताना, एकदा बोलता बोलता वाक्याच्या मध्येच. त्याला त्यातलं काहीच आठवत नसे. कमलाला या गोष्टीचं नाव माहीत होतं; फिटचाच हा एक प्रकार होता.

“मिरजेच्या इस्पितळात एकदा दाखवून येऊ या,” ती म्हणाली होती.

“डुलकी लागली म्हणून मिरजेला? डॉक्टर हसेल.”

“डुलकीत डोळे उघडे नसतात.”

“माझे असतात.”

तिने काडतुसं तांदळाच्या डब्यात लपवली. त्याने ती शोधून काढली आणि चार दिवस तिच्याशी बोलला नाही. बंदूक त्याच्या वडिलांची होती. आप्पांना सांगितलं असतं तर परवान्याचा प्रश्न आला असता, आणि संध्याकाळपर्यंत हरिहरला काय होतं ते बाजारात कळलं असतं. त्यापेक्षा रविवारी बरोबर येणं तिला शक्य होतं. ती येऊन बसे आणि रेषेवरच्या चार पाठींपैकी एका पाठीकडे पाहत राही.

आप्पांची शिटी झाली. चौघांच्या बंदुका भरल्या गेल्या. डावीकडे महिपत, मग हरिहर, मग काशीराम, टोकाला आप्पा स्वतः. दुसरी शिटी झाली. काशीरामचा डबा उडाला. महिपतचा उडाला. हरिहरने बंदूक खांद्याला लावली होती, पण बार निघाला नाही. दस्ता खांद्यावरून जरासा घसरला. नळी खाली आली आणि सावकाश, वजनाने वळावी तशी, डावीकडे वळू लागली. महिपत आपल्या डब्याकडे पाहत दुसरा नेम धरत होता.

“थांबा!”

आवाज वर्गातला होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा.

तिघांनी एकदमच बंदुका उघडल्या. काडतुसं खाली पडल्याचा आवाज झाला. तिघे मागे आले. हरिहर रेषेवर एकटाच उरला. मग त्याची मान हलली. आजूबाजूला पाहून त्यानेही बंदूक उघडली आणि मागे आला.

कुणी काही विचारलं नाही. महिपतने हरिहरच्या बंदुकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. आप्पा मान वर करून खाणीच्या काठाकडे पाहत होते. काठावर वाळलेलं गवत होतं, बाकी काही नव्हतं.

“वर गुरं आली असावीत,” आप्पा म्हणाले. “गेली वाटतं.”

“धाकूची असणार,” काशीराम म्हणाला. “त्या धाकूला सांगायला हवं. एक दिवस त्याच्या म्हशीचं मटण वाटू म्हणावं.”

“चला,” आप्पा म्हणाले. त्यांनी कमलाकडे पाहिलं नाही.

हरिहरने पडलेली काडतुसं उचलून पुसली. गुरांची गोष्ट त्याने मान्य केली होती, काठाकडे पाहून तो म्हणालाही, “बरं झालं कुणीतरी बघितलं.” सगळे पुन्हा रेषेवर गेले.

कमला थर्मासचं झाकण हातात धरून बसली होती. गुरं नव्हती हे तिला माहीत होतं, आणि आप्पांनाही. एवढ्यावर सगळं मिटलं होतं. ती गप्प बसली असती तर मिटलेलंच राहिलं असतं. तिने झाकण खाली ठेवलं.

शिटी झाली. हरिहरने दोन काडतुसं घातली आणि बंदूक मिटली.

“थांबा!”

पुन्हा चार बंदुका उघडल्या, चौघे मागे आले. हरिहरही या वेळी बाकीच्यांबरोबरच आला. काठावर काही नव्हतं. डबे जिथल्या तिथे होते. एक खंड्या पलीकडच्या भिंतीवर बसला होता, तो उडाला.

आप्पांनी काठ एकदा नजरेखालून घातला. मग शिटी वाजवली. हरिहरने बंदूक भरून मिटली.

“थांबा.”

“वहिनी, अहो गुरं की भुतं?” काशीराम वळला. हसू अर्धवट राहिलं होतं. “सकाळपासून आम्ही काय...”

“काशीराम,” आप्पा म्हणाले. “विचारायचं नाही.”

“विचारत नाही हो. बोलतोय आपला.”

“बोलायचंही नाही.”

काशीरामने खांदे उडवले आणि खिशातून विडीचं बंडल काढून परत ठेवलं. महिपतने आपली बंदूक उघडी करून दंडावर टाकली होती. ती त्याने पुन्हा भरली नाही.

हरिहर कमलाकडे पाहत होता. मघापासून पहिल्यांदाच. मग तो वळला, शिटीची वाट न पाहता रेषेवर गेला आणि रिकामी बंदूक मिटली. खटका वाजला. कमला काही बोलली नाही. त्याने ती खांद्याला लावली, नेम धरला, रिकामा चाप ओढला. त्याने बंदूक उघडली.

“तुम्ही घ्या, काशीराम,” तो म्हणाला.

आप्पांनी शिटी वाजवली. काशीराम एकटा पुढे झाला, बंदूक भरली, दुसरी शिटी झाल्यावर दोन्ही बार काढले. एक डबा गेला, एक राहिला. मागून शब्द आला नाही.

हरिहरने पट्ट्यातून एकच काडतूस काढलं. ते उजव्या नळीत सरकवलं आणि समोर पाहत, अगदी हळू, बंदूक मिटली.

“थांबा,” कमला म्हणाली. आता ओरडण्याची गरज नव्हती.

तो तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. स्वतःच सुचवलेल्या नियमाप्रमाणे त्याने बंदूक उघडली, काडतूस काढलं, एक पाऊल मागे आला. काडतूस त्याने पट्ट्यात परत सरकवलं.

“आज वारा फार आहे,” तो म्हणाला.

सड्यावरचं गवत हलत नव्हतं.

“हो,” महिपत म्हणाला. “फार आहे.”

“मी निघतो, आप्पा.”

“नीघ. पुढच्या रविवारी ये मात्र. माझ्याजवळ बस. शिटी तू घे. मला धाप लागते हल्ली.”

“बघू,” हरिहर म्हणाला.

तो बंदुकीचे भाग सुटे करून पेटीत ठेवू लागला. आप्पा चहाचा कप परत द्यायला काजूखाली आले. कप घेताना कमलाने वर पाहिलं नाही.

“मागच्या रविवारी मला दिसलं होतं,” आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. “मला वाटलं, उन्हाने असेल. तेव्हा मीच म्हणायला हवं होतं.”

कमलाने कप उपडा करून चहाचे थेंब मातीत झटकले.

“साखर बेताची होती ना?” तिने विचारलं.

“बेताची होती,” आप्पा म्हणाले आणि रेषेकडे परत गेले.

स्कूटर खाणीबाहेर, काशीरामच्या जीपच्या सावलीत लावली होती. हरिहरने पेटी कमलाकडे दिली, काडतुसांचा पट्टा आपल्या खांद्यावर ठेवला. बंदूक एकाकडे, काडतुसं दुसऱ्याकडे, ही त्याची नेहमीची रीत. थर्मासची पिशवी त्याने पुढच्या हुकला अडकवली. स्कूटर स्टँडवरून काढली, किल्ली फिरवली, दोन लाथांत ती सुरू झाली. इथून रस्ता सडा सोडून उतरत होता. वळणं होती, खाली वस्ती होती, आणि रविवार असल्यामुळे मच्छी घेऊन येणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालत असणार होती.

तो तिच्या बसण्याची वाट पाहत होता.

कमला पेटी छातीशी धरून उभी होती. चुन्याची रेष बरीच मागे राहिली होती. इथे कुणाचाच नियम नव्हता.

“थांबा,” ती म्हणाली. हा आवाज घरातला होता.

हरिहरचा हात मुठीवर तसाच राहिला. इंजिन चालू होतं. त्याने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू त्या रस्त्यावर आपण कितीदा उतरलो ते आठवत असावा. मग त्याने किल्ली उलटी फिरवली. आवाज बंद झाल्यावर खालून, बंदराच्या बाजूने, एका लाँचचा धडधडाट ऐकू आला.

का, असं त्याने विचारलं नाही.

त्याने स्कूटर ढकलत परत जीपच्या सावलीत नेली आणि स्टँडवर लावली. पिशवी काढून घेतली. किल्ली कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी ती त्याने पिशवीत, थर्मासशेजारी टाकली. कमला रस्त्याला लागली होती. तो तिच्या बरोबरीने आला.

“मिरजेची गाडी सकाळी लवकर असते ना?” काही अंतर गेल्यावर त्याने विचारलं.

“असते.”

मागे खाणीत बार झाला. दोघांची पावलं सवयीने थबकली. दुसऱ्या बारापर्यंत दोघं उभी राहिली आणि मग उतार उतरू लागली.