सोवळ्यात न चाललेली खुर्ची

मित्रांनो, मी बनारसची एक खुर्ची आहे. आता जुनी झाले आहे, आणि माझी कहाणी सांगताना मला लाज वाटते.

एकोणीसशे बासष्ट साली रामनगरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पाय सागाचे, खाली निमुळते आणि जरा बाहेर झुकलेले. पाठ साच्यात दाबून वाकवलेल्या प्लायवूडची. कुठे नक्षी नाही, कोरीवकाम नाही. त्या काळी अशाच सडसडीत खुर्च्यांची हौस होती. बैठकीवर तपकिरी रेक्झिन चढलं आणि मी थेट चामड्याची दिसू लागले. केवढा तोरा होता मला त्याचा!

मृणालिनीताईनं मला आपल्या आजोबांसाठी बनवून घेतलं होतं. आजोबा म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री. घर भोसले घाटाजवळ. रोज गंगास्नान करून ते सोवळ्यात जमिनीवर बसून पोथी वाचत. गुडघे पार गेले होते. खाली बसणं थांबलं तर वाचनही सुटेल, याची त्यांना धास्ती होती.

मी घरी आले तेव्हा ताई म्हणाली, "आजोबा, आता खाली नका बसू. ही तुमचीच खुर्ची."

"अगं, चामड्यावर सोवळ्यात कसा बसू?"

"चामडं नाहीये, आजोबा. नकली आहे, बस दिसतं तसं."

"मग दिसायला तरी कशाला हवं होतं, पोरी?" आजोबा हळूच म्हणाले आणि माझाच हात धरून कण्हत खाली बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी ताई रेक्झिन काढून वेत विणून घ्यायला निघाली, तर आजोबांनीच अडवलं. "राहू दे. तुझ्या पाहुण्यांना आवडते ती."

आवडायचे खरी. शेजारचे वकीलसाहेब माझ्यावर थाप मारून म्हणत, "वाह, असली चमड़ा!" आणि आतल्या खोलीत आजोबा भिंत धरून खाली बसत. ते कौतुक मला नकोसं व्हायचं.

पावसाळ्यात आजोबांना खाली बसणं अजिबात जमेना. पोथी मिटली. मग मात्र ताईनं कुणाचं ऐकलं नाही, मला रामनगरला पाठवलं. तेवढ्यात पूर आला, कारखान्यात पाणी शिरलं, काम लांबलं. वेत विणून मी परत आले तेव्हा आजोबांचं तेरावंही उरकलं होतं.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, असं माझं मागणं नाही. कुणासाठी प्रेमानं काही करायला घ्याल, तेव्हा त्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि त्याला काय चालतं ते विचारा. आजोबा घरातच होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.