अर्धं वाक्य पुढे

माझ्या आईने सगळी नोकरी बसस्टँडवर घोषणा करण्यात काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे अख्ख्या शहराला ती सांगायची. घरीही आवाज तोच. स्वयंपाकघरातून तिने मला हाक मारली की शेजारचेसुद्धा "आले, आले" म्हणायचे. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. गेला म्हणजे पार गेला, आता तोंड उघडलं की नुसती हवा येते.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई मला तोफ म्हणायची. त्यात मी प्रोग्रामर, दिवसभर दुकानदारांसाठी बिलांची सॉफ्टवेअर लिहिते. आईच्या बोटांचे सांधे सुजतात, तिला पेन धरवत नाही. म्हणून मी तिच्या लॅपटॉपवर एक छोटासा प्रोग्राम करून दिला. 'बोल' असं एक मोठं हिरवं बटण. ते दाबलं की कोरी विंडो उघडते, आई तीत एका बोटाने टाइप करते, एन्टर मारला की मशीन ते मोठ्याने वाचतं. मशीनचा आवाज ऐकून आईने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. जिने माइकपुढे जन्म काढला, तिला हा सपाट आवाज कसला आवडतोय!

पण आवडीनिवडीला वेळ कुठे होता? गुरुवारी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं होतं, दुसरं ऑपरेशन करायचं की नाही. केलं तर थोडाफार आवाज परत येईल, पण घास गिळायला कायमचा त्रास होऊन बसण्याची भीती. मला ते करायचंच होतं. आई काही बोलत नव्हती, म्हणजे तिची ना नाही, असं मी धरून चालले होते. तसं मी सगळीकडेच धरून चालायचे. तिने टाइप करायला बोट उचललं की पुढचं मीच बोलून मोकळी. दुकानात तेच, मावशीच्या फोनवर तेच.

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघाले, तर आई लॅपटॉप घेऊन दारात आडवी. मूठ तोंडाशी नेऊन तिने कचाकचा चावून दाखवलं आणि स्क्रीनवरच्या कोऱ्या विंडोकडे बोट केलं.

"काय खाल्लं? वाक्य खाल्लं?" मी म्हटलं. "अगं आई, मशीन वाक्य खात नसतं. तूच काहीतरी दाबलं असशील."

तिने कपाळावर हात मारला.

"मग पुन्हा टाइप कर ना. एवढं काय त्यात?"

तिने मला कोपरापासून हात जोडले, लॅपटॉप माझ्या हातात कोंबला आणि आत जाऊन चक्क पांघरूण ओढून झोपली.

मी बुटांसकट टेबलाशी बसले आणि ती कोरी विंडो बाजूला सरकवली. तिच्यामागे आणखी एक विंडो होती, आणि तिच्यामागे आणखी दोन. सगळ्यात मागच्या, पहिलीत होतं, "डॉक्टरीणबाई, मला ऑप". दुसरीत, "डॉक्टरीणबाई, मला ऑपरेशन". तिसरीत, "डॉक्टरीणबाई, मला ऑपरेशनबद्दल स्वतः".

मग माझ्या लक्षात आलं. बसस्टँडवर जरा दम घ्यायला थांबलं की माइकचं बटण पुन्हा दाबावं लागायचं. बोटाला तीच सवय. टाइप करता करता थांबली की आई परत 'बोल' दाबत होती, आणि माझा कोड आधीची विंडो उघडी आहे का हे न बघता तिच्यावर नवी कोरी विंडो आणून ठेवत होता. ऑफिसात नव्या लोकांना मी हेच ओरडून सांगते, "उघडण्याआधी बघा, उघडी आहे का!" दुकानदाराचं अर्धं बिल असं मागे दडलं, तर मी आकाशपाताळ एक करते. आणि इथे आईचं बोलणं दडलं होतं.

मी ऑफिसला दांडी मारली. आधी सोपा इलाज केला. विंडो उघडी असताना बटण दाबलं की टूँ वाजायचं आणि लाल अक्षरात यायचं, "ही विंडो आधीच उघडी आहे!" आईला उठवून दाबायला लावलं. ती दचकली, हात झटकन मागे घेतला आणि अपराध्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे माझा स्वभाव मी मशीनलाही देऊन ठेवला होता.

ते सगळं पुसलं. आता बटण दाबलं की प्रोग्राम आधी बघतो. विंडो उघडी असेल तर गुपचूप तीच पुढे आणतो, शेवटच्या अक्षरापाशी कर्सर ठेवतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. आईने मुद्दाम सतरा वेळा बटण दाबून पाहिलं. दर वेळी तीच विंडो, तेच अर्धं वाक्य. ती खांदे गदगदवत हसली. वाक्य पुढे काय आहे, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, 'हो'च असणार हे मी पुन्हा धरूनच चालले होते.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"हो, आम्ही—" मी सुरुवात केली, तर आईने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एक बोट चालू केलं. मध्येच डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. आई थांबली. फोन संपल्यावर तिने सवयीने पुन्हा 'बोल' दाबलं. वाक्य जिथल्या तिथे होतं. पुढचे शब्द माझ्या जिभेवर आले होते, पण मी जीभ चावून गप्प बसले.

आईने एन्टर मारला.

"डॉक्टरीणबाई, मला ऑपरेशनबद्दल स्वतः सांगायचं आहे. नको. माझ्या आवाजाची हौस हिला आहे. मला चार घास सुखाने गिळू द्या."

"हौस?" मी भडकलेच. "हौस म्हणतेस याला? घरात शिरताना मी रोज दाराशी उभी राहते, माहीत आहे तुला? तुझी हाक येईल म्हणून! मला हवाय तुझा आवाज, आई. मला फार हवाय गं." डॉक्टरीणबाईंसमोर मी लहान पोरीसारखी हमसून रडायला लागले.

आईचं बोट पुन्हा टकटक करू लागलं. मी स्क्रीनकडे पाहिलं नाही, आणि काय असेल याचा अंदाजही केला नाही. बराच वेळ लागला. लागू दिला.

"रडून घे पोटभर," मशीन म्हणालं. "मी बसलेय इथे."

आणि मी, भर दवाखान्यात, आईचं ऐकलं.