मातपंख्याचा चेहरा

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव घरं पेटत होती, तेव्हा दिनकरराव मानवतच्या घरात बसून पोरांसाठी पंखवाल्या प्राण्यांची अद्भुत कथा रचत होते. "राजकारण गेलं खड्ड्यात. आपल्याकडं निव्वळ कल्पना," ते मिशीवर बोट फिरवत म्हणाले. चित्रं काढायला बोलावलेला त्यांचा साडू, राधाकिशन ड्रॉइंगमास्तर, रंग कालवता कालवता मनाशी म्हणाला, एवढी कल्पना तर खत कंपनीच्या कॅलेंडरातही असते!

प्राण्यांना दिनकररावांनी गरुंडे म्हटलं होतं. त्यांतल्या सोनपंखी वाणाच्या एकेकाला नाव, स्वभाव, आवडीचं फळ, सगळं बहाल केलं होतं. मातकट पंखांच्या मातपंख्यांच्या वाट्याला नुसतं ओझं.

"यांची नावं?" राधाकिशननं विचारलं.

"त्यांना कशाला? पाठमोरे काढा. अन् पाणी पितानाचं चित्र नीट काढा. सोनपंखी वरून पाणी ओततो, मातपंखी वाकून ओंजळीनं पितो."

"तळ्यावर भांडं न्हाई का?"

"हाय की. पण त्यांनी तोंड लावलं तर बाटंल ना!" बोलताना दिनकररावांची पापणीही हलली नाही.

असल्या माणसापुढं तोंड शिणवण्यात राधाकिशनला रस नव्हता. त्यानं ओंजळ धरून वाकलेला मातपंखी समोरून रंगवला, अन् त्याला दिनकररावांचीच मिशी अन् चष्मा दिला.

कागद बघताच दिनकरराव ताडकन उठले. "मला यांच्यात बसवलं? आपली जात कोणती, काही कळतं का तुमाला?"

"जात?" ब्रश पुसत राधाकिशन म्हणाला. "मला वाटलं, निव्वळ कल्पना हाय."