किटली बंद पडली तेव्हा

मी पाणबुडी बोलतेय. घाबरू नका, चावत नाही. दात नाहीतच मला. शेपटी आहे, पंख्याची, पण तीही आता हलत नाही.

शाळा फारशी शिकले नाही मी. पण माझ्या पोटात काय शिजतं ते मला नाही तर कुणाला ठाऊक? पोटात एक जाडजूड पोलादी हंडा. त्यात युरेनियमच्या कांड्या. त्यांच्यातले कण फुटतात आणि पाणी तापवतात. ते पाणी आपल्याच नळीत फिरतं, नुसती ऊब देऊन परत येतं. त्या उबेनं शेजारचं दुसरं पाणी उकळतं, वाफ होते, वाफ टर्बाइनची चाकं फिरवते आणि चाकं माझी शेपटी. ना धूर, ना हवा लागते. एकदा जेवले की वर्षानुवर्षं भूक नाही. आहे का तुमच्यात कुणी असं?

इंजिनवाले काका त्या हंड्याला 'किटली' म्हणायचे. "शेवटी पाणीच उकळायचं ना!" सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

मला मात्र खोड्यांची हौस. खोल गेलं की समुद्र मला चहूकडून आवळतो, अंग आक्रसतं आणि स्वयंपाकघराचं दार चौकटीत गच्च रुतून बसतं. आचारी आत! दुसऱ्या बोटीवरून नवाच आलेला. "म्हातारे, उघड!" म्हणत लाथा घालायचा. मी नुसती कुरकुरायचे.

एकदा आम्ही बर्फाखाली होतो. डोक्यावर बर्फाचं छप्पर, खाली अंधार. कुठलासा काटा खोटं बोलला, आणि किटलीला आवर घालणारे दांडे धाडकन आत पडले. वाफ सरली. शेपटी थांबली. काका भोंग्यावर ओरडले, "किटली बंद पडली! सगळे आपापल्या जागेवर!"

शेपटी थांबली की मी जड. हळूहळू खाली जायला लागले. किटली परत पेटवायची तर पंप हवेत, पंपांना वीज हवी, आणि वीज उरली होती फक्त बॅटरीत. नको ते सगळं बंद केलं. तरी बॅटरीवाली ताई पांढरीफटक.

"काका, बॅटरीचा काटा भराभर उतरतोय!"

"अगं, सगळं तर बंद केलंय. कोण पितंय वीज?"

"मला काय विचारताय! असंच चाललं तर पंपांना नाही पुरायची."

कोण पितंय ते मला ठाऊक होतं. पण तोंड कुठलं मला?

मी आणखी खाली गेले. अंग कडकडलं. आणि दार रुतलं! लगेच फोन वाजला.

"काका, म्हातारीनं परत कोंडलं मला! आणि इकडे चहा उतू चाललाय!"

"कसला चहा?"

"तुम्हीच ओरडलात ना, किटली बंद पडली म्हणून! म्हटलं, एवढी बोंब मारतायत तर मोठ्या शेगडीवरच पातेलं ठेवू. लाईन गेली होती, बटण दाबून परत आणली की!"

काका इतकं हळू कधीच बोलले नव्हते. "लेका, आधी शेगडी बंद कर. बटण खाली कर."

"केलं. आणि मी बाहेर कसा—"

"तू आतच बस!"

काटा थबकला. पंप घुमले. दांडे तसूतसूनं वर सरकले. कुणी श्वास घेईना. मीही घेतला नाही, मला कुठे लागतो! मग नळ्यांत ऊब आली, वाफ फुसफुसली, शेपटीनं एक गिरकी घेतली. ताई हसता हसता रडली. वर येताना दार आपोआप सैल झालं. आचारी सगळ्यांसाठी पातेलं घेऊन आला. चहा पार कडू झाला होता, पण एक थेंब उरला नाही.

आता माझ्या कांड्या संपल्या. गोदीत पोट कापून त्या काढून नेल्या. नव्या काही घातल्या नाहीत. परवा काका आणि आचारी आले होते, दोघांचे केस पिकलेत.

"किटली बंद?" आचाऱ्यानं विचारलं.

"बंद," काका म्हणाले.

आचाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं. झटकन उघडलं. त्यानं लावलं, परत लोटलं. परत उघडलं. "कोंड ना गं म्हातारे, एकदा," म्हणाला. फार जोर लावला हो मी. पण आवळायला समुद्र कुठे होता?

मला भंगारात तोडायला याल, तेव्हा एवढंच करा. ते दार चौकटीसकट काढा आणि आचाऱ्याच्या घरी नेऊन बसवा. बिजागरीला तेल मात्र घालू नका. बघतेच कसा बाहेर येतो ते.