चार बोटं उंच

कल्पिता आतेबहिणीच्या बाळाच्या बारशाला खारदांड्याला गेली, आणि तेवढ्या वेळात तिच्या भावाने जीप उंच करून आणली. कुणालाही न विचारता. विचारलं की कोणीतरी नको म्हणतं, असा निमेशचा लहानपणापासूनचा अनुभव होता, म्हणून त्याने विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

"कशी वाटते?" जीपच्या बॉनेटवर हात ठेवून तो म्हणाला. "चार बोटं वर गेली. बॉडी लिफ्ट म्हणतात याला. मालाडच्या देवेशने एका दिवसात करून दिली."

जुनी, समुद्राच्या वाऱ्याने रंग खाल्लेली जीप होती ती. मागच्या सीट काढून तिथे लोखंडी हौदा बसवलेला, आणि हौद्याच्या मागच्या काठावर एक रुंद फळी जडवलेली. आज ती खरोखरच ऐटीत उभी होती.

"झकास!" कल्पिता म्हणाली. मनापासून म्हणाली. खाली वाकून बघायचं तिलाही सुचलं नाही.

जीप उंच करायची घाई होती ती बंदरापायी. त्यांच्या कोळीवाड्याचं बंदर म्हणजे धक्का वगैरे काही नाही, नुसता किनारा. एरवी बोटी बऱ्यापैकी आत येतात. पण उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी पार मागे जातं आणि बोटी खडकाच्या पट्ट्याच्या पलीकडेच थांबतात. पट्ट्याच्या मधोमध एक फुगीर खडक आहे, त्याला सगळे म्हातारी म्हणतात. त्या म्हातारीला ओलांडून बायका बोटीपर्यंत जातात, स्वतःच्या हाताने मासळी निवडतात, पाट्या भरतात आणि डोक्यावर घेऊन तेवढंच अंतर परत चालतात. पाट्या रस्त्यापर्यंत न्यायला कल्पिताची जीप आजवर म्हातारीच्या अलीकडे उभी राहायची.

आता बाहेरचा एक ट्रॅक्टरवाला मच्छीमार सोसायटीकडे आला होता. बोटीतून मासळी थेट क्रेटमध्ये, क्रेट थेट रस्त्यावर, असा त्याचा हिशेब. ऐकायला सोयीचं होतं, पण मग बायकांना बंदरावर यायचं कारणच उरत नव्हतं. रस्त्यावर उभं राहायचं आणि क्रेटमध्ये जे येईल ते घ्यायचं. सोसायटीचे चेअरमन भाऊराव माणूस सरळ होते. त्यांनी कल्पिताला सांगितलं, "तुझी जीप उधाणाच्या ओहोटीला म्हातारी ओलांडून भरलेल्या पाट्या घेऊन आली, तर काम तुझं. नाय आली, तर ट्रॅक्टर."

या सगळ्यात कल्पिताच्या डोळ्यांसमोर एकच बाई होती, तिची आई पार्वती.

डोक्यावरची भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. चढवायला एक लागते आणि उतरवायलाही एक लागते. म्हणून बंदरावर प्रत्येकीची एक जोडीण ठरलेली असते, आणि ती बहुधा जन्माची असते. घरात भांडण झालं, तरी बंदरावर हात द्यायचा. पार्वतीची जोडीण होती रत्नप्रभा. दोघी एकमेकींना शिव्या देत जायच्या आणि शिव्या देत यायच्या. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर रत्नप्रभा आजाराने गेली. तेव्हापासून पार्वतीने कुणालाच हात मागितला नाही. पाटी बोटीवरचा गडी चढवून द्यायचा. उतरवताना बाकीच्या यायच्या पुढे, पण ही बाई "ऱ्हाऊ दे गं" म्हणून स्वतःच गुडघे वाकवत पाटीसकट खाली बसायची. वर्षभरात गुडघ्यांची पार वाट लागली. "घरी बस" म्हटलेलं तिला चालायचं नाही. बंदर सुटलं तर आई खचेल, हे कल्पिताला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिला हे काम हवंच होतं.

उधाण आलं. अर्धा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला. कल्पिता स्टिअरिंगवर बसली, चारही चाकांचा गिअर टाकला आणि जीप म्हातारीवर घातली. पुढची चाकं दिमाखात वर चढली, पलीकडे उतरली, आणि खालून खर्रकन आवाज आला. जीप जागच्या जागी बसली. मागची चाकं नुसती फिरत राहिली. पुढे घेऊन झालं, मागे घेऊन झालं, जीप हलेना. तेवढ्यात भरतीचं पाणी खडकांच्या फटींतून आत यायला लागलं. शेवटी बोटींवरच्या गड्यांनी दोर बांधून, आरोळ्या देत, जीप मागे ओढली. खुशीत आलेला कुणीतरी म्हणाला, "उंच केली, आता पंख लावा." निमेश खाली मान घालून दोर गुंडाळत राहिला.

भाऊराव हसले नाहीत. "पुढच्या उधाणाला एकदा बघू," ते म्हणाले. "त्यानंतर मला ट्रॅक्टरवाल्याला थांबवता येणार नाय. आणि एक सांगतो पोरी. एवढी उंच केलीस, तर बायका पाट्या चढवणार कशा?"

घरी आल्यावर कल्पिता चटई टाकून जीपखाली सरपटली. आता बघितलं. इंजिनाच्या मागे, जीपच्या ऐन पोटाशी, चॅसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, लोखंड ताजं खरवडून पांढरं झालं होतं. त्या चॅसीवर जाडजूड ठोकळे बसवलेले होते, आणि त्यांच्या वर बॉडी आरामात टेकली होती. ती खालूनच ओरडली, "निम्या, इकडं ये. झोप इथं."

निमेश शेजारी आडवा झाला.

"काय दिसतंय?"

"ठोकळे."

"ठोकळ्यांच्या वरचं वर गेलं. खालचं?"

निमेशने ठोकळ्याखालच्या लोखंडावर बोट फिरवलं. "खालचं होतं तिथंच," तो म्हणाला.

"मग उचललंस काय तू?"

"अगं ताई, पाणी आत येतं म्हणून आपण बोटीला काय करतो? कडेला फळी वाढवतो ना? कड उंच झाली की पाणी बाहेर. मला वाटलं तसंच."

यावर ओरडायचं कल्पिताने ठरवलं होतं, पण तिला हसूच फुटलं. चूक होती, पण खानदानी चूक होती. सात पिढ्या बोटीवर काढलेल्या घरातला मुलगा दुसरं करणार काय? बोट खाली अडकली, तर भरतीची वाट बघायची. तिचं पोट उचलायचा प्रश्नच कधी येत नाही. जीपला मात्र भरती उचलत नाही, उलट बुडवते.

"उद्या मालाडला जायचं," ती म्हणाली. "आयेला पण घे. आणि आयेची पाटी घे."

"पाटी कशाला?"

"घे म्हटलं ना."

देवेशचं गॅरेज मार्वे रोडवरून आत वळलं की लागतं. देवेश मोठ्या उत्साहाचा माणूस. जंगलात, चिखलात गाड्या घालणारी हौशी मंडळी त्याच्याकडे यायची, त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की ती अजून उंच कशी होईल हेच त्याला सुचायचं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

"अरे यार निमेश, तू मला बोलला, गाडी उंच पाहिजे. खडकाचं बोललाच नाही! ताई, हे बघा. बॉडी लिफ्ट म्हणजे फक्त बॉडी वर. मोठे टायर बसायला जागा होते, काम लवकर होतं, गाडी चालवायला होती तशीच राहते. पण चॅसी तिथंच. खडकाला पोट लागतं, तर सस्पेन्शन लिफ्ट पाहिजे. स्प्रिंगचे पाटे बदलायचे, शॉकअप लांब टाकायचे, ब्रेकचे पाइप लांब, शाफ्टचा अँगल बघायचा. मग चॅसीसकट सगळं वर."

"आणि चाकांच्या मधला दांडा?" कल्पिताने विचारलं.

"तो नाही उठत. ॲक्सल टायरवर असतो. टायर मोठा, तरच तो वर."

"त्याला नको हात लावू. चाकं म्हातारीवर चढतात, तिथं काय अडत नाय. मधलं पोटच टेकतं."

"मग एक काम करू ना," देवेशचे डोळे चमकले. "ठोकळे राहू दे, वरून पाटेपण टाकतो. आठ बोटं! काय दिसेल गाडी!"

"आणि खडकावरून तिरकी उतरताना भरलेली जीप कलंडली, तर मासळी वेचायला कोण येणार, तू?"

देवेश हसला, पण हट्ट सोडेना. निमेशनेही त्याची बाजू घेतली. म्हणाला, "ताई, आठ नको, सहा करू. पण भाऊरावकाका बोलले ते पण खरंय. बायकांना चढवायला त्रास होईल. मागे एक पायरी लावू."

"पायरी?" कल्पिता म्हणाली. "डोक्यावर पाटी घेऊन पायरी चढणार? तुम्ही सगळे गडी लोक एकच धरून चाललात. पाटी जमिनीवरून नाय येत रे. डोक्यावरून येते." ती देवेशकडे वळली. "जुनं लोखंड आहे का? नट, बोल्ट, काहीपण. ही पाटी भर."

गॅरेजमधली कामं थांबली. पाटी लोखंडाने भरली गेली. पार्वतीने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर बसवली, आणि कल्पिता आणि निमेश दोघांनी मिळून पाटी चढवून दिली. पार्वती चालत जीपच्या मागे आली. ठोकळ्यांवरच्या त्या उंच हौद्याच्या काठाची फळी आता बरोबर तिच्या खांद्याला लागत होती. तिने मान किंचित कलती केली, एका हाताने पाटी सरकवली, आणि ती फळीवर जाऊन बसली. कोणी हात दिला नव्हता. गुडघा वाकला नव्हता.

पार्वती तिथेच उभी राहिली.

"आधी फळी चार बोटं खाली होती," कल्पिता म्हणाली. "म्हणून वाकावं लागायचं. अजून वर गेली, तर आयेला मान वर करावी लागेल आणि पाटी मागे जाईल. निम्याने उंची बरोबर आणलीय, फक्त चुकीच्या जागेवर घातली. देवेश, ठोकळे काढ. तेवढीच चार बोटं स्प्रिंगच्या पाट्यांनी उचल. फळी आता आहे तिथंच ऱ्हायली पाहिजे, बोटभरसुद्धा इकडं-तिकडं नको."

"माल भरल्यावर पाटे दबतील, ताई."

"पाट्या चढवताना जीप रिकामी असते. भरता भरता दबली, तर जरा कमी उंची. पण पोट टेकायला नको एवढे कडक पाटे टाक."

देवेशने खडू आणला आणि पार्वतीला खांबाला टेकवून उभं केलं. तिच्या खांद्याशी खांबावर रेघ मारताना तो नकळत दबकूनच वागत होता. निमेश मात्र उंची बरोबर आणल्याच्या आनंदात होता. चुकीच्या जागेचं त्याने ऐकलंच नव्हतं.

पुढचं उधाण आलं तेव्हा किनाऱ्यावर मागच्यापेक्षा जास्त माणसं होती. पंखवाला विनोदी गडीही जागा धरून उभा होता. कल्पिताला भीती वाटली नाही. जीपच्या पोटाखाली ती स्वतः दोनदा सरपटून आली होती. तिने टायरांतली हवा थोडी कमी केली, गिअर टाकला आणि जीप म्हातारीवर घातली. पुढची चाकं चढली. पलीकडे उतरली. सगळ्यांचे कान खालच्या आवाजाकडे लागले होते. आवाज आला नाही. मागची चाकं सावकाश वर आली, जीप क्षणभर म्हातारीवर डुलली आणि सरळ पलीकडच्या ओल्या वाळूत उतरली. निमेशने एवढ्या जोरात शिट्टी मारली की बोटींवरचे कावळे उडाले.

भाऊराव पायजमा वर धरून मागोमाग चालत आले. त्यांना पाट्या चढताना बघायच्या होत्या.

बायका बोटीशी गेल्या. निवडानिवड, घासाघीस, आरडाओरडा, सगळं रोजच्यासारखं झालं. पहिली पाटी घेऊन पार्वती आली. पाटी बांगड्यांनी काठोकाठ भरलेली होती. सवयीने दोघीतिघी पुढे झाल्या आणि सवयीनेच पार्वती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं." ती जीपच्या मागे गेली, मान कलती केली आणि पाटी फळीवर सरकवली. आत उभ्या असलेल्या निमेशने ती ओढून घेतली. मागून दुसरी आली, तिसरी आली. ज्या उंच होत्या, त्या जराशा झुकल्या आणि त्यांचंही काम झालं. कुणीच कुणासाठी थांबलं नाही. हौदा भरला तशी कल्पिताने जीप पोट न टेकवता म्हातारीवरून रस्त्यावर नेली आणि रिकामी करून परत आणली.

"ट्रॅक्टरवाल्याला मी आज सांगतो," भाऊराव कल्पिताला म्हणाले. बस, तेवढंच म्हणाले आणि पायजमा सांभाळत परत निघाले.

कल्पिता धावत मागे आली. तिला आईला सांगायचं होतं. पार्वती जीपला लागून उभी होती. रिकाम्या फळीवर तिने तळहात उपडा ठेवला होता आणि ती तो हळूच फिरवत होती.

"आये, काम आपलंच. काका बोलले."

पार्वतीने मान हलवली. ते तिने ऐकलं होतं.

"रत्नीचा हात इथंच यायचा गं," ती म्हणाली. "बरोबर इथंच."

मग डोळे पुसायला पदर घेतला, आणि पदर घेतलाच आहे तर म्हणून त्याने फळीही पुसली. चुंबळ पुन्हा डोक्यावर बसवून ती दुसरी पाटी आणायला बोटीकडे निघाली, वाटेत रत्नप्रभेला दोन शिव्या हासडत.