सगळंच शोधायचंय

“काय शोधायचंय, ते आधी सांगा.”

दुकानातल्या बाईंचा तो आवाज मला अजून आठवतो. नळदुरुस्ती करणारे आमचे तात्या मला हातात तोलत होते. ते ऐटीत म्हणाले, “सगळंच.”

मित्रांनो, तोच मी, आता जुना झालेला धातुशोधक. माझ्या दांड्याच्या टोकाला असलेल्या गोल थाळीतून निघणाऱ्या लहरींची वारंवारता कमी. अशा संथ लहरी खोल उतरतात. गाडलेली झाकणं, जाड नळ मला सहज कळतात. सोन्याची बारीक तार मात्र कळत नाही. तिला जास्त वारंवारतेच्या जलद लहरी लागतात, आणि त्या फार खोल जात नाहीत. ढोल वेशीपर्यंत, पैंजण उंबऱ्यापर्यंत. ज्याचा त्याचा नाद.

तात्या मला रोज पुसून ठेवत, लेकरासारखं जपत. एकदा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, डूल परसातल्या वाफ्यात पडला. सोन्याच्या केसासारख्या तारेचा, त्यांच्या आईने दिलेला. तात्यांनी मला तीन दिवस फिरवलं. मी गप्प.

“यंत्र कशाला खोटं बोलेल? तूच कुठेतरी हरवून आलीस,” तात्या म्हणाले.

“इथंच पडलाय हो,” काकू एवढंच म्हणाल्या. वर्षभर त्यांचे कान मोकळे राहिले. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग लेकीने जास्त वारंवारतेचं यंत्र आणलं. त्याच वाफ्यात, बोटभर मातीखाली डूल सापडला. काकूंनी तो पदराला पुसून कानात घातला. “जुनं बहिरं निघालं,” म्हणून तात्यांनी मला माळ्यावर टाकलं.

पुढे गल्लीत मोठा नळ फुटला. पाणी दारांत शिरू लागलं आणि ते बंद करायच्या झडपेचं झाकण रस्त्याखाली गाडलेलं. नवं यंत्र वरवरच्या खिळ्यांवरच किणकिणत राहिलं. लेक धावत घरी आली, तिने माझी कोळिष्टकं झाडली, नवे सेल घातले. दुसऱ्याच फेरीत मी घुमलो. हातभर खाली झाकण लागलं.

“तात्या, बहिऱ्याला ऐकू आलं की,” लेक हसली.

तिचे उपकार मी विसरणार नाही. तात्यांचेही नाही, त्यांच्याच हातांनी मला काम दिलं. मित्रांनो, एक काम जमलं नाही म्हणून कुणाला अडगळीत टाकू नका. त्याचं काम कोणतं, एवढं विचारून पाहा.

संध्याकाळी तात्यांनी मला पुसून भिंतीला टेकवलं. मग काकूंच्या कानांकडे पाहत ते म्हणाले,

“दुकानातल्या बाईंनी विचारलं होतं गं. मीच ‘सगळंच’ म्हणालो. यंत्र बहिरं नव्हतं. तू सांगत होतीस, ते मीच ऐकलं नाही.”